आहे, पण सापडत नाही

महाराष्ट्र शासनाचा अलीकडचा कोणताही निर्णय घ्यावा. त्याच्या अखेरीस एक ठरावीक वाक्य असते. सदर निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा सांकेतांक अमुक आहे, असा त्या वाक्याचा आशय असतो. आणि पुढे वर्ष, महिना व दिवस यांपासून सुरू होणारा एक लांबलचक आकडा येतो. शिक्षकांच्या आणि लिपिकांच्या हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की, त्यातील विसंगती आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्याच्या हाती हा आकडा आहे, त्याच्या हाती तो निर्णय आधीच असतो. कारण आकडा छापलेला आहे तो निर्णयाच्याच अंगावर. उलट ज्याला निर्णय हवा आहे, त्याला हा आकडा ठाऊक असण्याचे काही कारण नाही. संकेतस्थळावर विभाग, दिनांक आणि शब्द यांवरून शोध घेण्याची सोय आहे, हे खरे. परंतु निर्णय कोणत्या विभागाने आणि साधारण केव्हा काढला, हे ज्याला माहीत आहे, त्यालाच तिचा पुरता उपयोग होतो. तेव्हा ‘उपलब्ध करणे’ म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. कागद कोठेतरी ठेवलेला असणे आणि तो ज्याला हवा त्याला मिळणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या बाबतीत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्रफळाचा हा जिल्हा राज्यातील सर्वांत मोठा. त्यात १४ तालुके आणि दीड हजारांहून अधिक गावे आहेत. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातून जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन परत जायचे, म्हणजे सबंध दिवस आणि त्या दिवसाची मजुरी खर्ची पडते. मोबाइलने हे अंतर मिटविले, असे नेहमी सांगितले जाते. पण भंडारदऱ्याच्या परिसरातील एखाद्या शाळेतील शिक्षक शिष्यवृत्तीविषयीचा सध्या लागू असलेला निर्णय शोधू लागला, तर तो काय करतो? तो शासनाच्या संकेतस्थळावरील विभागांची यादी चाळीत बसत नाही. तो गूगलसारखे शोधयंत्र उघडतो आणि चार शब्द लिहितो. समोर येतात ती पुष्कळदा खाजगी संकेतस्थळांची, जाहिरातींनी मढविलेली पाने. कोणी निर्णयाचा निम्माच भाग उतरवून घेतलेला असतो, कोणी मूळ मजकुरात आपले भाष्य मिसळलेले असते. आणि कधी कधी सर्वांत वर येणारा निर्णय केव्हाच अधिक्रमित झालेला असतो. त्या जुन्या निर्णयाच्या आधारे भरलेला अर्ज फेटाळला जातो, मुदत टळते, आणि एका विद्यार्थ्याचे एक वर्षाचे साहाय्य बुडते. दोष कोणाचा, हे मात्र कोठेही नोंदले जात नाही.

यंत्र कसे शोधते?

शोधयंत्राविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. प्रश्न विचारताच ते त्या क्षणी जगभरातील संकेतस्थळे धुंडाळून उत्तर आणते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तसे काही घडत नाही. शोधयंत्राचा एक फिरता कार्यक्रम असतो; त्याला क्रॉलर म्हणतात. तो अहोरात्र एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर जात राहतो आणि पानांच्या प्रती घेतो. त्या प्रतींतील शब्दांवरून एक प्रचंड सूची तयार होते. विचारणाऱ्याला उत्तर मिळते ते या सूचीतून. ग्रंथाच्या शेवटी जशी सूची असते, तशीच ही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड अहमदनगर जिल्ह्याविषयीचा असून तो १८८४ साली प्रसिद्ध झाला. त्या जाडजूड ग्रंथात कोणाला एखाद्या बंधाऱ्याची वा देवळाची माहिती हवी असेल, तर तो पहिल्या पानापासून वाचीत सुटत नाही. तो शेवटची सूची उघडतो. सूचीतून जे निसटले, ते ग्रंथात असूनही बहुतेक वाचकांच्या दृष्टीने नसल्यासारखेच.

संकेतस्थळांच्या बाबतीत ही निसटण्याची क्रिया कशी होते, ते समजून घेतले पाहिजे. आरंभीची संकेतस्थळे म्हणजे लिहून ठेवलेल्या पानांचा गठ्ठा असे. आजची मोठी संकेतस्थळे तशी नसतात. त्यांची पाने बहुधा आधी तयारच नसतात. माहिती कोष्टकांच्या रूपाने साठ्यात असते. कोणी विचारणा केली की, त्या साठ्यातून हवा तो मजकूर उचलून पान तेव्हाच्या तेव्हा जुळविले जाते. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षाशी ही व्यवस्था ताडून पाहता येईल. तेथे जुने कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात. अर्ज भरून दिला की संबंधित लिपिक रुमाल सोडतो आणि नेमका कागद काढून देतो. अर्ज भरता न येणारा माणूस दारातूनच परततो. क्रॉलर हा असाच एक अभ्यागत आहे. त्याला चालता येते, वाचता येते. पण अर्ज भरण्याच्या कामी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. जिल्हा, तालुका, गाव या रकान्यांत काय निवडावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायला लावणारा कॅप्चा तर त्याच्यासारख्या यंत्रांना अडविण्यासाठीच असतो.

अशा रीतीने सूचीबाहेर राहणाऱ्या माहितीला मायकेल बर्गमन या अमेरिकन अभ्यासकाने २००१ साली ‘डीप वेब’ असे नाव दिले. शोधयंत्रांना दिसणाऱ्या पानांच्या चारशे ते साडेपाचशे पट माहिती या खोल थरात आहे, असा त्याचा अंदाज होता. तो आकडा आज जसाच्या तसा धरण्याचे कारण नाही. पण त्याने दाखविलेली दिशा खोटी ठरलेली नाही. २००८ साली गूगलने काही निवडक संकेतस्थळांवरील साधे अर्ज प्रायोगिक रीतीने आपण होऊन भरून पाहण्यास प्रारंभ केला, तथापि त्यावर विसंबून राहावे अशी ती व्यवस्था नव्हे. त्यानंतरच्या काळात आणखी एक गुंता वाढला. अनेक संकेतस्थळे आता प्रथम केवळ रिकामा सांगाडा पाठवितात आणि मजकूर मागाहून वाचकाच्याच यंत्रात, जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञांद्वारे भरला जातो. गूगलचा क्रॉलर अशा आज्ञा पाळून पान पूर्ण करून पाहतो. परंतु ते काम पुष्कळदा सवडीने होते, आणि इतर कित्येक क्रॉलर तेवढे कष्ट घेत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते पान कोरेच राहते.

कायद्यातील सूची

ही तंत्रज्ञांची किरकोळ बाब आहे, असे म्हणून ती बाजूला सारता येणार नाही. माहितीचा अधिकार हा विषय या जिल्ह्याला परका नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथील अण्णा हजारे यांनी त्यासाठी दीर्घकाळ आंदोलन केले, २००३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले, आणि महाराष्ट्राच्या कायद्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे २००५ साली केंद्रीय कायदा आला. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. अर्ज आला म्हणजे तीस दिवसांत माहिती द्यावी, एवढेच त्या कायद्याचे स्वरूप लोकांच्या मनावर ठसलेले आहे. वास्तविक चौथे कलम अर्जाच्या आधीच्या कर्तव्याविषयी आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख यादीबद्ध करावेत, त्यांची सूची करावी, जे संगणकावर आणण्याजोगे असतील ते वाजवी मुदतीत संगणकावर आणून देशभरच्या जाळ्याशी जोडावेत, असे ते सांगते. लोकांना या कायद्याचा आश्रय कमीत कमी घ्यावा लागेल अशा रीतीने इंटरनेटसह विविध साधनांनी माहिती आपण होऊन द्यावी, आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, हेही तेथेच म्हटले आहे.

सूची हा शब्द संसदेने योजला, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर क्रॉलर नसेल. परंतु हेतू तोच आहे. ज्या काळी माणूस कार्यालयाच्या दारात येऊन बारनिशी पाहत असे, त्या काळी सूची म्हणजे टेबलावरची नोंदवही. आज तोच माणूस शोधयंत्राच्या दारात उभा असेल, तर सूचीही तेथपर्यंत पोहोचली पाहिजे. परिपत्रक संकेतस्थळावर चढविले, पण ते बाहेरून शोधणाऱ्याला कधीच दिसणार नाही अशा रीतीने चढविले, तर त्या कलमाची अक्षरे पाळली जातील, पण हेतू पाळला जाणार नाही.

उपाय साधे आहेत

समाधानाची गोष्ट ही की, यावरील उपाय महागडे नाहीत आणि नवेही नाहीत. पहिला उपाय म्हणजे प्रत्येक दस्तऐवजाला स्वतःचा, कायमचा आणि एकच पत्ता असणे. मजकूर साठ्यातून जुळविला जात असला, तरी जुळविलेल्या पानाचा पत्ता ठरलेला असू शकतो. पुष्कळ ठिकाणी मात्र येणाऱ्या प्रत्येक वाचकाला तात्पुरता क्रमांक देऊन तो पत्त्याला चिकटविण्यात येतो. त्यामुळे एकच परिपत्रक क्रॉलरला शंभर पत्त्यांवर शंभर निराळी पाने म्हणून भेटते. अशा वेळी मूळ पान कोणते ते सांगणारी एक खूण पानात घालता येते. २००९ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी ती मान्य केली.

दुसरा उपाय म्हणजे पायवाट. शोधचौकटीच्या जोडीला विभागवार, वर्षवार आणि तालुकावार साध्या याद्या असाव्यात, आणि यादीतील प्रत्येक नाव हा साधा दुवा असावा. मराठी विश्वकोशाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेल्या या ग्रंथाच्या नोंदी महाजालावर आणताना प्रत्येक नोंदीला स्वतंत्र पान मिळाले आणि नोंदीचे नाव हेच त्या पानाचे शीर्षक झाले. म्हणूनच एखाद्या संज्ञेचा मराठीत शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला विश्वकोशाची नोंद पुष्कळदा पहिल्या काही उत्तरांतच भेटते.

तिसरा उपाय साइटमॅपचा. संकेतस्थळावरील सर्व पानांचे पत्ते आणि ती केव्हा बदलली त्या तारखा यांची ही एक यादी असून ती केवळ यंत्रांसाठी ठेवलेली असते. गूगलने ही पद्धत २००५ साली आणली आणि पुढच्याच वर्षी याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी ती स्वीकारली. एका यादीत ५०,००० पर्यंत पत्ते मावतात. अधिक असतील तर अनेक याद्या करून त्यांची एक यादी करता येते. समजा, या जिल्ह्यातील दीड हजार गावांपैकी प्रत्येकाचे तीस जाहीर कागद संकेतस्थळावर आले, तरी होतात ४५,०००. म्हणजे सबंध जिल्हा एका यादीत बसतो. ही यादी माणसाने हाताने लिहायची नसते. ज्या साठ्यातून पाने जुळविली जातात, त्यातूनच ती दररोज आपोआप काढता येते. अर्थात यादी दिली म्हणजे प्रत्येक पान सूचीत जाईलच, अशी हमी कोणतेही शोधयंत्र देत नाही. ते आमंत्रण असते, आज्ञा नव्हे. पण आमंत्रणच न धाडता पाहुणा का आला नाही, असे विचारण्यात अर्थ नसतो.

चौथी गोष्ट अक्षरांची. कागद छायाचित्रासारखा स्कॅन करून चढविला, तर यंत्रापुढे येते ते एक चित्र. चित्रातील अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न यंत्र करते; पण फिकट शाईच्या, शिक्क्यांनी झाकलेल्या देवनागरी मजकुराबाबत त्याची खात्री देता येत नाही. याहून फसवा प्रकार जुन्या टंकांचा. त्यांत पडद्यावर ‘अनुदान’ दिसते, पण साठ्यात रोमन चिन्हांची सरमिसळ असते. मग ‘अनुदान’ हा शब्द शोधणाऱ्याला ते पान कसे सापडावे? युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. इतक्या वर्षांनंतरही एखादे कार्यालय जुन्या टंकात परिपत्रक काढीत असेल, तर ते परिपत्रक जन्मतःच मुके असते.

आणि शीर्षक. प्रत्येक पानाच्या माथ्यावर केवळ कार्यालयाचे नाव, आणि धारिकेचे नाव ‘परिपत्रक १’, अशी रीत असेल, तर सूचीकाराने काय नोंदवावे? या जिल्ह्यात तर स्थळनामांचाही घोळ आहे. कर्जत नावाचा तालुका येथे आहे, तसाच रायगड जिल्ह्यातही आहे. अकोले आणि विदर्भातील अकोला यांची गल्लत नित्याची. नेवासा आणि नेवासे, राहाता आणि राहता, शेवगाव आणि शेवगांव ही रूपे सारखीच रूढ. शीर्षकात विषय, दिनांक, तालुका आणि जिल्हा हे चारही घटक असले, तर हा घोळ पुष्कळसा निवळेल. हे काम संगणकतज्ज्ञाचे नाही. चांगला मथळा लिहिणाऱ्या लिपिकाचे आहे. टिपणीच्या माथ्यावर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ नीट लिहिण्याची जी शिस्त कार्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तीच येथे उपयोगी पडते.

नामांतराची कसोटी

या साऱ्याला जिल्ह्याच्या नामांतराने तातडीचे स्वरूप आले आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मगाव. त्यांच्या नावावरून २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पत्रशीर्षे बदलली. परंतु ज्या संकेतस्थळांच्या पत्त्यातच जुने नाव गुंफलेले होते, त्यांचा प्रश्न पाटी बदलण्याइतका सोपा नाही. जुन्या पत्त्यांचे दुवे शाळांच्या पत्रांत, पाठ्यपुस्तकांच्या टिपांत, वर्तमानपत्रांच्या मजकुरात आणि मुख्य म्हणजे शोधयंत्रांच्या सूचीत वर्षानुवर्षे रुजलेले असतात. घर बदलणारा माणूस टपाल कार्यालयात नवा पत्ता देऊन ठेवतो, म्हणजे जुन्या पत्त्यावरची पत्रे त्याच्याकडे येत राहतात. संकेतस्थळाच्या जगात ही सोय ३०१ या क्रमांकाच्या उत्तराने होते. पान कायमचे अमुक जागी गेले आहे, असे ते उत्तर सांगते; वाचक आपोआप नव्या पानावर पोहोचतो आणि शोधयंत्र आपली सूची दुरुस्त करून घेते. अट एकच, ही तजवीज पानागणिक हवी. प्रत्येक जुन्या दुव्यावरून वाचकाला नव्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर आणून सोडणे म्हणजे पत्र गावाच्या वेशीवर टाकून निघून जाणे होय. जे पान खरोखरच काढून टाकले असेल, तेथे ४०४ हे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. रिकामे पान दाखवून सर्व ठीक असल्याचे भासवू नये. उत्तम पत्ता कधी बदलत नाही, असा आग्रह महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच धरला होता. नामांतरासारख्या प्रसंगी पत्ता बदलावाच लागला, तर निदान मागचा माग पुसला जाऊ नये.

शिवाय लोकांची जीभ राजपत्राच्या वेगाने बदलत नाही. कोणी अहिल्यानगर म्हणून शोधील, कोणी अहमदनगर म्हणून, आणि बसस्थानकावर ‘नगर’ एवढेच म्हणणारे तर अगणित आहेत. १९७६ सालचा दस्तऐवज शोधणाऱ्या विद्यार्थ्याला जुनेच नाव लिहावे लागेल. म्हणून जुन्या दस्तऐवजांच्या पानांवर दोन्ही नावे राहिली पाहिजेत. त्यात नव्या नावाचा अवमान नाही. इतिहासाची सोय आहे.

आक्षेप आणि मर्यादा

यावर तीन आक्षेप संभवतात आणि तिघांनाही उत्तर देणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप खाजगीपणाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. सर्वच माहिती शोधयंत्राच्या हवाली करावी काय? निश्चितच नाही. सातबारा उतारा घरबसल्या पाहता येतो. त्यासाठी जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडावा लागतो व कॅप्चा भरावा लागतो. हा अडसर योग्यच आहे. कोणाचेही नाव लिहिताच त्याची सर्व जमीन जगासमोर यावी, हे इष्ट नव्हे. लाभार्थ्यांच्या याद्या, बँकेचे खाते क्रमांक, विद्यार्थ्यांच्या जातीचे तपशील यांबाबत तर याहून कडक दक्षता हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामागील दृष्टीही तीच आहे. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. क्रॉलरने कोठे जाऊ नये हे सांगणारी रोबॉट्स नावाची धारिका १९९४ पासून प्रचारात आहे. पण ती केवळ विनंती असते, कुलूप नव्हे. गुप्त ठेवायचे ते तिच्या भरवशावर उघड्यावर ठेवणे धोक्याचे. उलट चाचणीच्या काळात ‘येथे येऊ नये’ अशी पाटी लावून ती मागाहून काढायलाच विसरले, तर सारे जाहीर संकेतस्थळही सूचीबाहेर राहू शकते. तेव्हा विवेक हवा तो असा की, व्यक्तीचे ते राखावे आणि शासनाचे ते उघडावे. निर्णय, परिपत्रके, निविदा, योजनांचे निकष, शुद्धिपत्रके यांत लपविण्यासारखे काही नसते. आज पुष्कळदा या दोहोंना एकच दार आणि एकच कडी असते. तेथे खरी चूक आहे.

दुसरा आक्षेप असा की, शासनाने परदेशी खाजगी कंपन्यांच्या शोधयंत्रांची मर्जी का राखावी? आक्षेप स्वाभिमानाचा आहे, पण तो येथे लागू पडत नाही. कायमचा पत्ता, साधे दुवे, खरीखुरी अक्षरे आणि अर्थपूर्ण शीर्षक ही कोणा कंपनीची मागणी नाही. दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखविणाऱ्या यंत्राला हेच हवे असते, ग्रंथपालाला हेच हवे असते, संशोधकाला हेच हवे असते. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ साली प्रथम तयार झालेली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वेही याच दिशेची आहेत. शिवाय आता प्रश्नांची आयती उत्तरे रचून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आली आहेत. ती उत्तरे बऱ्याच अंशी महाजालावर जे वाचता येते त्यावरच बेतलेली असतात. अधिकृत मजकूर त्यांना वाचताच आला नाही, तर अनधिकृत मजकुरावरून, आणि प्रसंगी कल्पनेनेही, उत्तर रचले जाईल. ते विचारणाऱ्या विद्यार्थ्याला खऱ्या-खोट्याचा भेद कळण्याचे साधन उरणार नाही.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा आणि यंत्रणेवरील ताणाचा. क्रॉलर वारंवार येऊ लागले, तर संकेतस्थळ मंदावते, हे खरे आहे. परंतु तो ताण बहुधा दिशाहीन भटकंतीमुळे पडतो. पुढे पुढे सरकत कधीच न संपणारी दिनदर्शिका, एकाच यादीच्या उलटसुलट क्रमाने लावलेल्या अगणित आवृत्त्या, अंतर्गत शोधाची उत्तरपाने, या चक्रव्यूहात क्रॉलर अडकतो. असे मार्ग बंद करून नेमकी यादी हाती दिली, तर त्याचा वेळही वाचतो आणि यंत्रणेचाही. खर्चाचे म्हणाल तर संकेतस्थळ बांधण्याच्या निविदेत चार अटी वाढविल्याने काम भागते. बांधून झालेल्या इमारतीला मागाहून जिना जोडणे महाग पडते. आराखड्यातच तो असेल, तर त्याचा वेगळा हिशोबही लागत नाही.

अखेर कसोटी कोणती? ती लावायला तज्ज्ञ नको. प्रत्येक कार्यालयाने दर महिन्याला मागच्या महिन्यातील दहा कागद घ्यावेत आणि कार्यालयाबाहेरच्या एखाद्या साध्या मोबाइलवर त्यांच्या विषयाचे चार शब्द मराठीत लिहून पाहावे. कागद समोर आला, तर तो प्रसिद्ध झाला. जुना अधिक्रमित कागद आधी आला, तर त्याच्या माथ्यावर नव्याचा दुवा ठळकपणे द्यावा. काहीच आले नाही, तर कागद संकेतस्थळावर असूनही प्रसिद्ध झालेला नाही, अशी नोंद करावी आणि कारण शोधावे. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनाही हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. नागरिकशास्त्राचा त्याहून जिवंत पाठ क्वचित सापडेल.

शासन निर्णयाच्या अखेरचे ते वाक्य तसेच राहू द्यावे. मात्र त्यातील ‘उपलब्ध’ या शब्दाला अर्थ येईल तो, सांकेतांक ठाऊक नसलेल्या माणसालाही तो निर्णय सापडेल त्या दिवशी. माहितीचा अधिकार मिळविण्यासाठी ज्या जिल्ह्यातून आवाज उठला, त्या जिल्ह्यातील कार्यालयांनी या कामी पुढाकार घेतला, तर ते त्या आवाजाशी सुसंगतच होईल.